मुंबईत समुद्राकाठी स्वस्तात राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या चाळीत दहा बाय अठराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे गावचे पाहुणे आले की दोनच मार्ग उरतात: गॅलरीत गादी, नाहीतर जवळचा लॉज. गॅलरी मे महिन्यात चालते, जुलैत नाही. त्यामुळे सांगली, रत्नागिरी, नांदेड अशा सगळ्या दिशांच्या नातेवाइकांना खोल्या शोधून देण्याचं खातं माझ्याकडे आपसूक आलं. फोनवर विचारलं जातं तेच ते, म्हणून एकदाचं लिहून काढलं. खोल्यांचे दर मी माझ्या अंदाजाने दिलेत. सुट्ट्यांत ते वर जातात आणि पावसाळ्यात मधल्या वारी खाली येतात.

समुद्र दिसणारी खोली स्वस्तात मिळेल का?

नाही. मरीन ड्राइव्ह, वरळी, बॅण्डस्टँड, जुहू, कुठेही जा, तिथे खोलीपेक्षा खिडकीचेच पैसे जास्त लागतात. जाहिरातीत ‘पार्शल सी व्ह्यू’ असं लिहिलेलं असलं तर समजा की दोन इमारतींच्या फटीतून एक निळी रेघ दिसते, तीही खुर्चीवर उभं राहिल्यावर.

मुळात मुंबईत समुद्र फुकट आहे. चौपाटीला तिकीट नाही, कठड्यावर बसायला भाडं नाही. खोलीवर आपण झोपायला आणि आंघोळीला जातो, आणि झोपल्यावर समुद्र कुणालाच दिसत नाही. म्हणून पैसे मोजायचे ते स्टेशनजवळच्या खोलीसाठी. चर्नी रोड स्टेशनातून पादचारी पुलावरून उतरलात की गिरगाव चौपाटी. चर्चगेटहून मरीन ड्राइव्ह पाच मिनिटं चालत. दादर पश्चिमेहून दादर चौपाटीला पंधरा-वीस मिनिटं, वाटेत शिवाजी पार्क. जुहूला मात्र स्टेशनच नाही. सांताक्रूझ, पार्ले किंवा अंधेरीला उतरून बस किंवा रिक्षा करावी लागते.

एक गंमत सांगतो. दरवर्षी कुणीतरी सूर्यास्त बघायला गेटवेला जातं आणि हिरमुसून परत येतं. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. तिथे सूर्य उगवतो. मावळताना बघायचा असेल तर दादर, वरळी किंवा जुहू गाठा.

मग राहायचं कुठल्या भागात?

आधी स्टेशन ठरवा, हॉटेल नंतर. गावाकडची मंडळी उलटं करतात. मोबाइलवर चकाचक फोटो बघून खोली घेतात आणि मग मला विचारतात, “ही साकीनाका म्हणजे गेटवेपासून लांब आहे का रे?”

पहिल्यांदाच येत असाल, बरोबर आई-वडील किंवा मुलं असतील, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दादर. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या लोकल तिथे मिळतात, बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, पुण्याच्या बस येतात, सिद्धिविनायक जवळ आहे, आणि मराठी जेवण शोधत फिरावं लागत नाही. दादर पूर्वेला स्टेशनच्या आसपास आणि टी.टी.च्या, म्हणजे खोदादाद सर्कल चौकाच्या, बाजूला जुने लॉज आहेत. दिसायला साधे, पण खोलीवरून स्टेशन चालत गाठता येतं. पूर्वी दादरला दोन्ही मार्गांवर एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता, त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून सलग नंबर झालेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. पाहुण्यांना कुठे भेटायचं हे सांगणं माझ्यासाठी तेव्हापासून फार सोपं झालं.

फोर्ट आणि सीएसएमटीचा परिसर दुसऱ्या नंबरवर. बोरा बाजारच्या गल्ल्यांत आणि स्टेशनच्या पूर्वेला पी. डि’मेलो रोडच्या बाजूला छोटे लॉज, गेस्ट हाऊस आहेत. गेटवे, वस्तुसंग्रहालय, क्रॉफर्ड मार्केट, मरीन ड्राइव्ह हे सगळं चालत किंवा एका बसच्या अंतरावर. कोलाबा याहून महाग, पण एकटे किंवा मित्रमित्र असाल तर तिथे डॉर्मिटरी मिळतात. ताजच्या मागे साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड गेस्ट हाऊस आहे, परदेशी पाठपिशवीवाल्यांचा जुना अड्डा. मस्जिद बंदर, मोहम्मद अली रोडकडे स्वस्त गेस्ट हाऊस भरपूर आणि रमझानमध्ये खाण्याची चंगळ, पण गर्दी आणि आवाज सहन होणाऱ्यांनीच जावं.

ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रलला गल्लीगणिक फरक पडतो. एका गल्लीतला लॉज घरगुती, आणि पुढच्याच गल्लीत संध्याकाळनंतर बायकामुलांना घेऊन चालायला अवघड वाटावं असं वातावरण. तिथे फोटोवर विसंबू नका. ओळखीच्या मुंबईकराला एकदा बघून यायला सांगा.

विमानाने येणार असाल किंवा काम उपनगरात असेल तर अंधेरी पूर्व, चकाला, मरोळ. हा भाग पर्यटकांच्या सोयीचा नव्हता, आता झालाय. मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. विमानतळ, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एकाच मार्गावर आलं. मरोळ नाक्याला ती वर्सोवा-घाटकोपर मेट्रोला मिळते. भाडं १० ते ७० रुपये. चौघांचं कुटुंब रोज चाळीस-पन्नास रुपये माणशी एका बाजूने मोजणार असेल तर अंधेरीतली स्वस्त खोली तितकी स्वस्त राहत नाही, हा हिशेब मात्र करून घ्या.

ठाण्यात किंवा वाशीला तेवढ्याच पैशांत जास्त चांगली खोली मिळते. तिथे राहिलं तर?

राहा की, पण लोकलचं भाडं मोजू नका, वेळ मोजा. तिकीट किरकोळ आहे, ठाण्याहून सीएसएमटीला पाऊण ते एक तास लागतो. स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि तिकिटाची रांग धरा, जाऊन-येऊन तीन तास जातात. दोन दिवसांच्या सहलीतले सहा तास गाडीत. शिवाय दुपारी दमलेल्या पोरांना खोलीवर नेऊन तासभर झोपवता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी चौपाटीवर रडारड होते. आठवडाभर राहणार असाल, किंवा ठाण्यातच लग्न असेल, तर गोष्ट वेगळी.

दिवसाला खर्च साधारण किती धरायचा?

डॉर्मिटरीतली एक खाट पाचशे ते हजार रुपये. दोघांची नॉन-एसी खोली दीड ते अडीच हजार. एसी आणि बऱ्यापैकी बाथरूम हवी तर अडीच ते चार हजार. याच्या खूप खाली कुणी सांगत असेल तर खोलीला खिडकी आहे का आणि बाथरूम आत आहे की मजल्यावर सगळ्यांना मिळून आहे, हे दोन प्रश्न लगेच विचारा.

जीएसटी वेगळा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता. म्हणजे १,८०० च्या खोलीचे १,८९० झाले पाहिजेत. कुणी अजून १२ टक्के लावून बिल देत असेल तर काउंटरवरच विचारा. आणि “बिल नको असेल तर कमी करतो” म्हणाले तरी बिल घ्याच. सामान हरवलं किंवा वाद झाला तर तुम्ही तिथे राहिलात याचा तोच एक पुरावा.

एक्स्ट्रा गादीचे तीनशे ते सहाशे घेतात. मूल किती वर्षांपर्यंत फुकट, हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं. फोनवर मुलाचं खरं वय सांगा. आमच्या मावशीने नऊ वर्षांचा नातू ‘पाच पूर्ण’ म्हणून सांगितला होता. काउंटरवर त्यानेच अभिमानाने चौथीत असल्याचं जाहीर केलं.

आमची गाडी पहाटे पोहोचते आणि चेक-इन दुपारी बाराला. मधला वेळ काय करायचं?

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी अडचण. कोकणकन्या, महालक्ष्मी, देवगिरी, विदर्भ, रात्रीच्या बहुतेक गाड्या मुंबईला पहाटे किंवा सकाळी टेकतात.

मुंबईतल्या पुष्कळ जुन्या लॉजमध्ये ‘चोवीस तासांचा चेकआउट’ असतो: सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत खोली तुमची. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना याच्यासारखी सोय नाही. बुकिंग करताना हा एक प्रश्न विचारलात तर अर्ध्या दिवसाचे पैसे वाचतात. मोठ्या साखळीच्या हॉटेलांत आणि ॲपवरच्या खोल्यांत मात्र बहुधा दुपारचीच वेळ असते. तिथे आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली मिळेल का विचारा, आणि त्याचे पैसे किती तेही. नाहीच जमलं तर सामान काउंटरवर ठेवू द्याल का, विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत.

रेल्वेच्या खोल्या बाहेरच्या माणसाला मिळतात का?

तिकीट असेल तर मिळतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी घेता येते, जिथून गाडी पकडणार किंवा जिथे उतरणार त्या स्टेशनवर. स्वस्त असतात, त्यामुळे लवकर भरतात. तिकीट काढलं की त्याच बैठकीत खोली बघा. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेलही आहे, ४८ खोकी. एकट्या माणसाला एका रात्रीपुरतं ठीक. आमचे नांदेडचे काका त्यात शिरले आणि म्हणाले, रेल्वेची वरची बर्थच आहे ही, फक्त हलत नाही.

गावचे लोक आमदार निवासात राहतात असं ऐकलंय.

राहतात. मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी आमदार निवासात मतदारसंघातली माणसं कामासाठी येऊन राहण्याची जुनी रीत आहे. पण ते हॉटेल नव्हे. आमदारांच्या कार्यालयातून पत्र किंवा निरोप लागतो, अधिवेशनाच्या काळात पाय ठेवायला जागा नसते, आणि एका खोलीत किती जण झोपलेत हे सकाळी मोजावं लागतं. मंत्रालयात काम असलेल्याला सोयीचं. सहलीसाठी बायकोमुलांना घेऊन जाऊ नका.

दवाखान्यासाठी येतोय. धर्मशाळा मिळेल?

टाटा, केईएम, वाडिया ही रुग्णालयं परळला आहेत, जे. जे. भायखळ्याला. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांचा आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांचा मोठा आधार आहे. अशा ठिकाणी थेट जाऊन भागत नाही, रुग्णालयाचे कागद लागतात. म्हणून रुग्णालयात गेल्या गेल्या समाजसेवा विभागात विचारा. कुठे जागा आहे, पत्र कुणाचं लागेल, हे तिथेच नेमकं कळतं. पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी परळ किंवा दादरला एखादी खोली हाताशी ठेवून या, कारण धर्मशाळेत त्याच दिवशी जागा मिळेलच असं नाही.

आणि नुसतं मुंबई बघायला येणाऱ्यांनी या जागांचा विचारही करू नये.

ॲपवरून बुक करू की थेट फोन करू?

दोन्ही. ॲपवर दर आणि लोकांचे अलीकडचे अभिप्राय बघा. जुने सोडा, गेल्या दोन-तीन महिन्यांतले वाचा आणि त्यातले फोटोही बघा. मग हॉटेलला फोन करा. तोच दर थेट देणार का विचारा. पुष्कळदा शे-दोनशे कमी होतात, कारण त्यांचं कमिशन वाचतं. नाही झाले तरी फोन करून ठेवण्याचा फायदा आहे. एकदा माझ्या मेहुण्याने ॲपवर पैसे भरून खोली घेतली आणि रात्री अकराला काउंटरवरचा माणूस म्हणाला, “आमच्याकडे असं बुकिंगच आलेलं नाही.” पैसे आठ दिवसांनी परत मिळाले, पण त्या रात्री मेहुणा आणि त्याचं कुटुंब माझ्या गॅलरीत होतं. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नाव वाचून दाखवायला सांगतो.

फोन नंबर कुठून घेता तेही महत्त्वाचं. नुसतं शोधून वर आलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर बरेचदा भामट्यांचा असतो. बुकिंगच्या मेसेजमधला किंवा हॉटेलच्या पावतीवरचा नंबर वापरा. अनोळखी लॉजला सगळे पैसे आधी पाठवू नका, एका रात्रीचा ॲडव्हान्स पुरे. पैसे परत देतो म्हणून कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. तिथे जितका उशीर कराल तितकी पैसे थांबण्याची आशा कमी.

कुठली कागदपत्रं लागतात?

खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र: आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅनवर पत्ता नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर काही जण अडून बसतात. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या. ते आधारच्या अधिकृत साइटवरून काढता येतं.

ज्यांच्या कार्डावर मुंबईचाच पत्ता आहे त्यांना बरेच लॉज खोली देत नाहीत. ‘लोकल आयडी नाही चालणार’ ही पाटी कुठल्या कायद्याची नाही, त्या त्या लॉजची आहे. पण रात्री काउंटरवर कायदा शिकवून खोली मिळत नाही, आधी फोनवर विचारलेलं बरं.

लग्न झालेलं नसलेल्या जोडप्याला खोली मिळते का?

दोघंही सज्ञान असतील आणि ओळखपत्रं असतील तर कायद्याची आडकाठी नाही. नाही म्हणायचं की हो, हे हॉटेल ठरवतं. स्वच्छ शब्दांत विचारून घ्या आणि ‘हो’ मेसेजवर लेखी घ्या.

मी एकटीच येणार आहे. काय बघू?

माझ्या पुतणीला स्पर्धा परीक्षेसाठी येताना सांगितलं होतं तेच सांगतो. स्टेशनपासून खोलीपर्यंतचा रस्ता रात्री नऊ-दहाला वाहता असावा. मुंबईत गजबज हीच सुरक्षितता आहे, शांत-निवांत गल्ली नको. काउंटरवर रात्रभर माणूस असावा. खोलीत गेल्यावर आतली कडी, खिडकीचा बोल्ट आणि बाथरूमची झडप बघायची, कडी ढिली असेल तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागायची. चर्चगेटच्या पुढे मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाऊस आहे. अगदी स्वस्त नाही, पण एकट्या बाईला घरच्यांची काळजी मिटवायला पुरेसं. लोकलमध्ये लेडीज डबा असतोच. अडचण आली तर ११२, रेल्वेत असाल तर १३९.

खोली ताब्यात घेताना काय तपासू?

पैसे भरण्याआधी खोली बघायला मागा. लाजू नका, मुंबईत कुणाला त्याचं काही वाटत नाही.

गादीची कड उचलून शिवणीत काळे ठिपके दिसतात का बघा. दिसले तर ढेकूण आहेत, आणि ते तुमच्या बॅगेतून गावापर्यंत येतात. गरम पाणी गीझरचं चोवीस तास की सकाळी सात ते नऊ, हे विचारा. नळ सोडून बघा. एसीचा रिमोट खोलीत आहे की काउंटरवर, हाही मुंबईतला खास प्रश्न आहे. खिडकी उघडून बघा, काही खिडक्या भिंतीवर उघडतात. डास असणारच, तेव्हा अगरबत्ती किंवा लिक्विड घेऊन या. टॉवेल स्वतःचा आणा. चादर बदलून मागायला पैसे पडत नाहीत.

आणि कृपा करून क्रॉफर्ड मार्केटहून सुके बोंबील, जवळा घेतलात तर तो शेवटच्या दिवशी घ्या. तीन दिवस एसी खोलीत ठेवलेल्या सुकटीमुळे मी एका लॉजमधली ओळख गमावून बसलोय.

कधी यावं, कधी टाळावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, म्हणून दरही चढे. २० डिसेंबर ते २ जानेवारी स्वस्त खोलीची आशा सोडा. गणपतीत गिरगाव, लालबाग, परळ भागात खोली मिळणं कठीण आणि अनंत चतुर्दशीला रस्ते बंद. बघायला यायचं असेल तर महिनाभर आधी ठरवा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस दादरला फक्त त्यासाठीच यावं, फिरण्यासाठी नको. बाकी शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार स्वस्त. सोमवारी येत असाल तर घारापुरीची लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात स्वस्त मिळतं म्हणे. यावं का?

यावं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दर उतरतात आणि मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा कठड्यावरून अंगावर येतात ते दृश्य फक्त तेव्हाच दिसतं. मात्र लाटा लांबून बघायच्या. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की शहरातलं पाणी समुद्रात जाईना होतं, कारण समुद्रच वर असतो. मग सखल भाग तुंबतात: हिंदमाता, सायन, कुर्ला, किंग्ज सर्कल, अंधेरी आणि मिलन सबवे. भरतीच्या वेळा आदल्या दिवशी बातम्यांत येतात.

तळमजल्यावरची खोली पावसाळ्यात घेऊ नका. २०१७ च्या २९ ऑगस्टला मुंबई तुंबली तेव्हा मी साताऱ्याच्या मामांना हिंदमाताजवळच्या एका लॉजमध्ये तळमजल्यावर ठेवलं होतं. जिना चढवत नाही म्हणून. दुपारी त्यांचा फोन आला, “अरे, माझी चप्पल कॉटखालून बाहेर पोहत आली.” मग त्यांना दोघांनी उचलून पहिल्या मजल्यावर नेलं. आता गुडघेदुखीवाल्यांना लिफ्ट असलेला लॉज शोधतो, पैसे थोडे जास्त गेले तरी.

फिरायला काय वापरावं?

लोकल. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत सामान किंवा लहान मूल घेऊन चढू नका. उलट दिशेला त्याच वेळी बसायला जागा मिळते. तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा. दिवसभर उतर-चढ करणार असाल तर खिडकीवर पर्यटक पास मागा, एक, तीन आणि पाच दिवसांचा मिळतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, दुपारी काही मार्गांवर गाड्या कमी किंवा बंद. शनिवारच्या पेपरात बघून ठेवा. रात्री एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास सुरू होतात.

बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये. टॅक्सीचं ३१, रिक्षाचं २६, मीटरप्रमाणे, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. सीएसएमटीवर उतरून रिक्षा शोधणारे पाहुणे मी दरवर्षी बघतो. स्टेशनच्या दारात “कुठे जायचं, लॉज हवा का?” म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघू नका, सरळ पुढे चालत राहा. त्यांचं कमिशन तुमच्याच बिलातून निघतं.

खाण्याचं काय?

इथे बजेट बिघडत नाही. न्याहारी हॉटेलच्या दरात धरलेली असेल तर काढायला सांगा, बाहेर उडप्याकडे इडली-चहा त्याच्या निम्म्यात होतो. फोर्टात आणि गिरगावात इराण्याकडे ब्रून मस्का. दुपारी राइस प्लेट किंवा खानावळीतली थाळी. दादर-लालबागला मालवणी जेवण. वडापाव दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सांगतात, आणि अजूनही दोघांचं दुपारचं पोट शंभराच्या आत भरतं. भेळ चौपाटीवर खा, पण बाटलीतलं पाणी सोबत ठेवा.

समुद्रात डुंबता येईल का? अगदी किनाऱ्यावर राहायचं असेल तर?

गिरगाव, दादर, जुहूला पाय ओले करा, डुंबायचं पाणी नाही ते. पावसाळ्यात जुहूला जेलीफिश येतात. अक्सा किनारा दिसायला सुंदर, पण तिथल्या ओढीने पुष्कळ जीव घेतलेत. लाल झेंडा आणि जीवरक्षकांची शिट्टी मानाच.

वाळूवर पाय ठेवूनच राहायचं असेल तर मढ, मनोरी, गोराईची कॉटेजेस बघा. मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला खाडी ओलांडायला बोट आहे. मधल्या वारी चौघांत खोली वाटून घेतली तर परवडतं, शनिवारी नाही. खरं सांगू? समुद्रच हवा असेल आणि शहर नको असेल तर अलिबाग गाठा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तिथे घरगुती राहणी आणि ताजे मासे मिळतात, पण ते प्रश्न वेगळे आहेत.

हॉटेलवाल्याशी वाद झाला तर?

आधी मॅनेजरशी बोला, आवाज न चढवता. मग बिल आणि मेसेज जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी खोली सोडायची आणि गाडी रात्री. सामानाचं काय?

बहुतेक लॉज सामान संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, फुकट किंवा बॅगेमागे थोडे पैसे घेऊन. नाही म्हणाले तर सीएसएमटी किंवा मुंबई सेंट्रलच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप आणि हातात प्रवासाचं तिकीट लागतं, पावती जपा. कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून गावाहून निघतानाच एक छोटं कुलूप टाकून ठेवा, स्टेशनसमोर ते दुप्पट भावाने मिळतं. आणि गाडी सीएसएमटीहून सुटणारी असेल, बरोबर म्हातारी माणसं आणि पाच नग असतील, तर ‘जवळ पडतं’ म्हणून दादरला चढायचा हट्ट करू नका. दादरला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सीएसएमटीला ती अर्धा तास आधी उभी असते, सामान सीटखाली लावून डबा उघडून निवांत जेवता येतं.